काचेआडची सात सेकंदं: मतदान यंत्र, कागद आणि विश्वास

जुना खडू (धागाकर्ता)

मंडळी, निवडणुकीच्या ड्यूट्या करण्यात माझी मास्तरकी सरली. सुरुवात शिक्का आणि मतपत्रिकेने झाली, मधली वर्षं ईव्हीएमबरोबर गेली आणि शेवटच्या दोन निवडणुका व्हीव्हीपॅटसकट केल्या (मत कुणाला पडलं ते चिठ्ठीवर छापून काचेआड दाखवणारं जोडयंत्र). आता निवृत्त आहे, म्हणून बोलायला मोकळा.

हा धागा 'ईव्हीएम हॅक होतं का' यासाठी नाही. त्यावर आधीच तीन-चार धागे धुमसतायत, कृपया तिकडे जा. माझा प्रश्न वेगळा आहे. यंत्राला कागद जोडला की विश्वास आपोआप जोडला जातो का?

शेवटच्या ड्यूटीतला प्रसंग सांगतो. दुपारची सामसूम होती, रांग नव्हती. एक आजोबा मत देऊन आले आणि बाहेर न जाता माझ्या टेबलाशी थांबले. "मास्तर, चिठ्ठी दिसली. बरोबर होती. पण ती पुढं कुठं गेली?"

"खालच्या पेटीत पडली, आजोबा. सीलबंद असते ती."

"मग मोजणार ना तिला?"

खरं उत्तर होतं, 'बहुतेक नाही.' विधानसभेच्या एका मतदारसंघातली पाच केंद्रं सोडतीने निघतात आणि फक्त तेवढ्याच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. आमचं केंद्र त्या पाचांत निघालं तर आजोबांची चिठ्ठी पुन्हा उजेड बघणार, नाही तर नाही. मी "लागलं तर मोजतात" असं काहीतरी पुटपुटलो. गृहपाठ न केलेल्या पोराकडे मी जसा बघायचो, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे यंत्राने पहिलं मतदान १९८२ साली केरळमधल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर झालं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथलं यंत्रावरचं मतदान रद्द केलं. यंत्र बिघडलं होतं असं नाही, कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती. ती १९८८ च्या दुरुस्तीने आली. २००४ ची लोकसभा पूर्ण यंत्रांवर झाली. पुढे २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटलं की मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी कागदी पुरावा अपरिहार्य आहे. त्याच वर्षी नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट पहिल्यांदा वापरलं गेलं. २०१९ च्या लोकसभेला ते सगळ्या केंद्रांवर आलं आणि मोजायची केंद्रं एकाची पाच झाली. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली.

म्हणजे कागद हवाच, हे ठरलं. तो किती मोजायचा, यावर भांडण आहे. मला वाटतं खरी मेख 'किती' पेक्षा 'कशी' मध्ये आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

---

तिरकस

पहिला नंबर माझा. 😀

सर, धागा उत्तम, पण कागदाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा शिक्क्याचा जमाना आठवावा. चार दांडगे केंद्रात शिरायचे, मतपत्रिकांचे गठ्ठे ताब्यात घ्यायचे आणि अर्ध्या तासात सगळ्या गावाचं मतदान 'उरकून' टाकायचे. बॅलट युनिट, म्हणजे मतदार बटण दाबतो ते यंत्र, दर वेळी आधी मतदान अधिकाऱ्याने सुरू करावं लागतं आणि मिनिटाला मोजकीच मतं घेतं. त्याने ह्या लोकांचा धंदा बसवला. शिवाय बाद मतांचा डोंगर, शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर आहे की कुणाच्या बाजूला यावर रात्रभर चाललेली हमरीतुमरी... ते दिवस परत नकोत बुवा.

---

जुना खडू

तिरकस, शंभर टक्के मान्य. रेघेवरच्या शिक्क्यापायी मी पहाटे चारला भांडणं सोडवलेली आहेत. यंत्र काढा असं मी म्हणतच नाहीये.

---

अर्धविराम

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

यंत्राला 'तू बरोबर मोजलंस का?' असं विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर तेच यंत्र देणार. आरोपीलाच पंचनामा लिहायला बसवल्यासारखं आहे ते. इथे हॅकर असायलाच हवा असंही नाही. बेल्जियममध्ये २००३ साली स्कारबेक नावाच्या भागात एका बाईंना ४,०९६ मतं जास्त पडली. पकडलं कसं? तर आकडा अशक्य होता, त्यांना तितकी मतं पडूच शकत नव्हती. आता ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मेमरीतला एकच बिट शून्याचा एक झाला की बरोब्बर एवढाच फरक पडतो. अवकाशातून आलेल्या एखाद्या कणामुळे झालं असावं असा तेव्हा कयास होता, सिद्ध काहीच झालं नाही. तिथे मतं चुंबकीय कार्डांवर वेगळी साठवलेली होती, म्हणून फेरमोजणी करून चूक दुरुस्त करता आली.

माझ्या मनात कायम राहिलेला प्रश्न असा: बिट जर थोडा खालचा उलटला असता आणि जास्तीची मतं ४,०९६ ऐवजी ६४ असती तर? कुणाच्या लक्षात आलं असतं?

रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी यावर एक कसोटी मांडली आहे. माझ्या शब्दांत सांगायचं तर, सॉफ्टवेअरमध्ये न सापडलेली चूक असेल तरी तिच्यामुळे निकालात न सापडणारी चूक होता कामा नये. सॉफ्टवेअर निर्दोष असलं पाहिजे अशी ही अट नाही, तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. अट एवढीच की ते चुकलं तर बाहेरून कळलं पाहिजे. काचेआडून मतदाराला दिसणारी चिठ्ठी, ही अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञ रेबेका मर्क्युरी यांनी आपल्या व्हीव्हीपॅटच्या कितीतरी आधी मांडलेली कल्पना, ती याचसाठी.

---

कोरी पाटी

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. ती चिठ्ठी मतदाराला घरी का नेऊ देत नाहीत? एटीएममधून पैसे काढले की पावती मिळतेच की.

---

तिरकस

मिळू दे की! मग संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून कुणीतरी बसेल. "पावती दाखवा, पाकीट घ्या." आणि पाकीटवाला परवडला, घरी येऊन "दाखव पावती" म्हणणारा त्याहून वाईट.

---

अर्धविराम

कोरी पाटी, प्रश्न बाळबोध नाही, सगळं घोडं तिथेच अडलंय. बँकेचा व्यवहार तुमच्या नावावर नोंदलेला असतो, म्हणून चूक झाली की तुम्ही पासबुक घेऊन भांडू शकता. मतावर नाव असता कामा नये, आणि तरी ते बरोबर मोजलं गेलं हे पटलं पाहिजे. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालतात. म्हणून चिठ्ठी तुम्हाला दाखवायची, पण हातात द्यायची नाही.

---

उंबरठा

गेली काही वर्षं जर्मनीत आहे, तिकडचं थोडं सांगतो.

इथे २००५ च्या संसदीय निवडणुकीत काही ठिकाणी नेडॅप कंपनीची यंत्रं होती. एक बापलेक कोर्टात गेले. ३ मार्च २००९ ला घटनात्मक न्यायालयाने त्या यंत्रांचा तसा वापर घटनाबाह्य ठरवला. निवडणूक मात्र रद्द केली नाही, कारण गडबड झाल्याचा पुरावा नव्हता. निकालाचा गाभा असा की मतदान आणि मोजणीतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. 'तज्ज्ञांनी तपासलंय' एवढं पुरत नाही.

हे वाचल्यावर मी एका रविवारी संध्याकाळी मुद्दाम मतमोजणी बघायला गेलो. सहा वाजता मतदान संपलं, तिथेच टेबलं जोडून त्यांच्यावर पेटी उलटी केली आणि मोजायला बसले. ओळखपत्र नाही, पास नाही. मी कोपऱ्यात उभा होतो, कुणी विचारलंही नाही. एक आजी चष्मा पुसत पुसत गठ्ठा पुन्हा मोजत होत्या. खरं सांगायचं तर कंटाळवाणा प्रकार आहे. पण घरी येताना त्या केंद्राच्या आकड्याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

नेदरलँडची गोष्ट आणखी मजेशीर. तिथल्या एका गटाने २००६ मध्ये अशी यंत्रं मिळवून उघडली. ह्या यंत्रावर बुद्धिबळसुद्धा खेळता येईल असं त्यांचं म्हणणं होतं, कंपनीला ते पटलं नाही, तर यांनी चिप बदलून खरंच खेळून दाखवलं. डच लोक आता पुन्हा लाल पेन्सिलने मतं देतात. आयर्लंडने तर ५ कोटी युरोंच्या वर खर्च करून यंत्रं घेतली, २००२ मध्ये मोजक्या मतदारसंघांत वापरली, मग वर्षानुवर्षं गोदामात ठेवली आणि २०१२ मध्ये साधारण ७०,००० युरोंना भंगारात घातली.

---

तिरकस

उंबरठा, छान लिहिलंय. पण जर्मनीत मतदाराने कागदावर दोन फुल्या मारल्या की झालं. आपल्याकडे मतदार किती, उमेदवार किती, फेऱ्या किती, हे बघा की.

आणि कागद म्हणजे काही गंगाजल नाही. ऑस्ट्रेलियाची मोजणी जगात नावाजलेली. तिथे २०१३ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सिनेट निवडणुकीत फेरमोजणीच्या वेळी सुमारे १,३७० मतपत्रिका सापडेनात. गेल्या त्या गेल्याच. फरक इतका कमी होता की २०१४ मध्ये अख्ख्या राज्यात निवडणूक परत घ्यावी लागली.

दुसरं म्हणजे, लोक ती चिठ्ठी बघतात असं तुम्ही सगळे गृहीत धरताय. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या लोकांनी खोटं मतदान केंद्र उभारून प्रयोग केला होता. यंत्रातून छापून येणाऱ्या प्रत्येक मतपत्रिकेत मुद्दाम एक मत बदललेलं होतं. कुणी काही सुचवलं नव्हतं तेव्हा केंद्रावरच्या माणसाकडे येऊन तक्रार करणारे किती निघाले? ६.६ टक्के. बाकीच्यांनी चुकीचा कागद गुपचूप पेटीत टाकला.

---

जुना खडू

तिरकस, हा मुद्दा वर्मी लागणारा आहे. मी स्वतः बघितलंय.

 बटण दाबलं म्हणजे 'झालं' असं लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की लगेच पाय दाराकडे. चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. त्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. पाहिली असं म्हणणारे खूप, पण प्रत्यक्षात शेजारच्या त्या काचेत वाकून बघणारे कमी. वयस्कर माणसांना ती उंची आणि तो उजेड दोन्ही जमत नाही. उजेडही फार नको असतो बरं का. व्हीव्हीपॅट खिडकीसमोर ठेवू नका, दिव्याखाली ठेवू नका, हे आम्हाला प्रशिक्षणात दहादा सांगायचे. २०१८ ची भंडारा-गोंदियाची पोटनिवडणूक आठवते ना? भर मे महिन्यात यंत्रं बंद पडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं.

आता समजा एखाद्याने नीट बघितलं आणि चिठ्ठी खरंच चुकीची दिसली. नियम ४९-एमए. मतदाराने केंद्राध्यक्षाला सांगायचं. केंद्राध्यक्षाने आधी त्याला बजावायचं, की तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते. मग लेखी घोषणापत्र घ्यायचं. मग सगळ्या पक्षांच्या एजंटांसमोर त्याने पुन्हा एक चाचणी मत द्यायचं. ह्या वेळी चिठ्ठी बरोबर आली की तक्रार खोटी! अर्धविराम सांगतील, शंभरात एकदा होणारी चूक पुढच्याच वेळी मागणीनुसार होईल का? शिवाय समोर रांग, पोलीस, ओळखीचे एजंट. गावातला कोण शहाणा माणूस ह्या फंदात पडेल? माझ्या सगळ्या ड्यूट्यांत एकही तक्रार आली नाही. वरिष्ठांना त्याचं समाधान वाटायचं. मला मात्र त्या शून्याचा अर्थ कधी नीट लागला नाही.

---

संख्याप्रेमी

आता 'किती मोजायच्या' वर येतो. इथे दोन्ही बाजूंची गल्लत होते असं माझं मत आहे.

'शंभर टक्के मोजा' म्हणणाऱ्यांना वाटतं नमुना म्हणजे फसवणूक. तसं नाही. भाताची चार शितं चेपून अख्खं पातेलं कळतं, अट एवढीच की पातेलं नीट ढवळलेलं हवं. पण 'पाच पुरेत' म्हणणारे हे सांगत नाहीत, की पाच कशासाठी पुरेत.

गणित करू. समजा मतदारसंघात २५० केंद्रं आहेत आणि त्यातल्या ५० केंद्रांवर गडबड आहे. सोडतीने पाच केंद्रं काढली तर त्यात निदान एक गडबडीचं निघण्याची शक्यता ६७ टक्क्यांच्या पुढे. ठीकठाक. पण गडबड फक्त ५ केंद्रांवर असेल तर तीच शक्यता १० टक्क्यांच्याही किंचित खाली येते. लोकसभेला सहा विधानसभा क्षेत्रं मिळून ३० केंद्रं निघतात. तिथे १,५०० पैकी ३० केंद्रांत गडबड असेल तर ती सापडण्याची शक्यता साधारण ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याइतकीही नाही.

आता म्हणाल, पाच केंद्रांच्या गडबडीने कुठे निकाल फिरतो? बरोबर! पन्नास हजारांचा फरक असेल तर नाहीच फिरत. तिथे पाच केंद्रं मोजणंही चैन आहे. पण फरक तीनशे मतांचा असेल तर पाच केंद्रं सहज फिरवतात. म्हणजे नमुन्याचा आकार मतदारसंघ केवढा आहे यापेक्षा विजयाचा फरक किती कमी आहे यावर ठरायला हवा. आपण सगळीकडे सरसकट पाच ठेवलेत. ताप एक डिग्री असो नाहीतर चार, गोळी एकच.

फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञाने साधारण २००८ च्या सुमारास यावर जी पद्धत मांडली तिला जोखीम-मर्यादित लेखापरीक्षण म्हणू. अमेरिकेत कोलोरॅडो राज्य २०१७ पासून ती वापरतं. थोडे कागद काढा, मोजा. जाहीर निकालाला पुरेसा आधार मिळाला की थांबा. नाही मिळाला तर आणखी काढा. तरी शंका राहिली तर आणखी. गरज पडली तर पूर्ण मोजा. कुठे थांबायचं हा नियम निकालाच्या आधी लिहिलेला असतो.

आपल्याकडे नेमकी ही पुढची पायरीच नाही. सोडतीत निघालेल्या केंद्रात यंत्र आणि चिठ्ठी यांचा मेळ बसला नाही तर नियम ५६-डी प्रमाणे चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. हे उत्तम आहे, कागद श्रेष्ठ मानलाय. पण धरतात तो त्याच केंद्रापुरता. उरलेल्या २४५ केंद्रांचं काय, हा प्रश्न आपोआप उभा राहत नाही. एका शितात खडा लागला तर आपण ते शीत तेवढं बाजूला काढतो आणि पातेलं पंगतीत फिरवतो.

---

जुना खडू

संख्याप्रेमी, वर म्हटलेली 'कशी' ची मेख ती हीच. मला ती इतकी नीट सांगता आली नसती.

---

तिरकस

गणित पटलं. पण कमी फरकाच्या जागी चिठ्ठ्या मोजा असा अर्ज उमेदवार आत्ताही करू शकतोच की. शिवाय २०२४ च्या निकालात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची मेमरी तपासून घ्यायची सोय दिलीय. सात दिवसांत अर्ज करायचा. मग अडलं कुठे?

---

अर्धविराम

अर्ज करता येतो, पण तो मंजूर करायचा की नाही हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. आणि मेमरीची तपासणी म्हणजे फिरून यंत्राच्याच पोटात शिरणं. ती करणार कोण, तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते. ते प्रामाणिक असतील, माझी शंका त्यांच्यावर नाही. पण हरलेला माणूस तिथे उभा राहून काय बघणार? पडद्यावरचे आकडे. चिठ्ठी मोजताना त्याला चिन्ह दिसतं.

---

शून्य प्रहर

बराच वेळ नुसता वाचत होतो. एक गोष्ट राहतेय. कागद म्हणजे फक्त मतदाराची चिठ्ठी नव्हे, केंद्रावरच्या एकूण आकड्यांचा कागदही तितकाच मोलाचा.

व्हेनेझुएलात २०२४ च्या जुलैमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तिथे प्रत्येक यंत्र मतदान संपल्यावर त्या केंद्राच्या निकालाची पट्टी छापतं, तिला 'आक्ता' म्हणतात, आणि पक्षांच्या साक्षीदारांना प्रत मिळते. निवडणूक मंडळाने तेव्हाचे अध्यक्षच जिंकल्याचं जाहीर केलं, पण केंद्रनिहाय आकडे दिलेच नाहीत. विरोधकांनी आपल्या माणसांकडून ८० टक्क्यांहून जास्त पट्ट्या गोळा केल्या, स्कॅन करून इंटरनेटवर टाकल्या, आणि त्यांची बेरीज दुसऱ्याच उमेदवाराला विजयी दाखवत होती. तेव्हा सत्ता बदलली नाही. पण खोटं कोण बोलतंय हे जगातल्या कुणालाही घरबसल्या तपासता आलं.

आपल्याकडचा त्याचा चुलतभाऊ म्हणजे १७-सी. केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली, तो फॉर्म. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष त्याची सही केलेली प्रत हजर एजंटांना देतो. मोजणीच्या दिवशी यंत्राने दाखवलेली एकूण मतं त्याच्याशी ताडून बघायची असतात. किती पक्षांचे एजंट हा कागद जपून ठेवतात, हे सर सांगतील.

---

जुना खडू

सांगतो. पाच वाजले की एजंटांना घरचे वेध लागतात. मी हाका मारून, अक्षरशः मागे धावून १७-सी हातात कोंबलेला आहे. एकाने त्याच्यावरच वहिनींनी सांगितलेली किराण्याची यादी उतरवून घेतलेली पाहिली. दुसऱ्या दिवशी हेच लोक टीव्हीसमोर बसून "सगळं सेटिंग आहे" म्हणतात.

सकाळीही तेच. मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल असतो. एजंटांसमोर निदान पन्नास मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटण दाबायचं, यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या. मग यंत्र क्लिअर करायचं, चिठ्ठ्या काढून मागे 'मॉक पोल' असा शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात सील करायच्या, रिकामी पेटी दाखवायची. विश्वासाची ह्यापेक्षा चांगली शाळा नाही. आणि त्या वेळी एजंट किती हजर? कधी दोन, कधी एक, कधी मी आणि माझे मतदान अधिकारीच.

---

उंबरठा

किराण्याची यादी 😂😂

---

कोरी पाटी

मग मारकडवाडीच्या लोकांनी केलं ते बरोबर म्हणायचं का? त्यांना आकडा पटला नाही, म्हणून त्यांनी स्वतःच मतपत्रिका छापून गावात मतदान घ्यायचं ठरवलं होतं.

---

शून्य प्रहर

डिसेंबर २०२४, सोलापूर जिल्हा. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते मतदान झालं नाही. लक्षात घ्या, त्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आलेला होता. भांडण फक्त गावातल्या आकड्याचं होतं.

माझं मत विचाराल तर मार्ग चुकीचा होता. निकाल लागल्यानंतर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत घेतलेल्या मतदानातून पहिल्या दिवशी गुप्तपणे काय झालं ते सिद्ध होत नाही. माणसं मत बदलतात, दबावात येतात, मतदानाला येतच नाहीत. पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण उत्तर देणारा कागद आधीच अस्तित्वात होता. त्या गावातल्या यंत्रांच्या चिठ्ठ्या. एका गावाच्या चिठ्ठ्या मोजायला किती वेळ लागतो?

---

तिरकस

आज गावाच्या मोजल्या तर उद्या प्रत्येक गाव मागेल. आणि केंद्रनिहाय आकड्यांचं दुखणं वेगळंच आहे. कुठल्या वस्तीने कुणाला मत दिलं ते उघडं पडतं आणि मग निवडून आलेला साहेब त्या वस्तीचं पाणी तोडतो. सगळ्या यंत्रांची बेरीज एकत्र काढणारं टोटलायझर आणा, असं निवडणूक आयोगानेच एके काळी सुचवलं होतं. तुम्हाला केंद्रनिहाय आकडेही हवेत आणि वस्तीची गुप्तताही हवी.

---

संख्याप्रेमी

हा पेच खरा आहे, आणि माझ्याकडे त्याचं गोळीबंद उत्तर नाही. बेरीज एकत्र केली की वस्ती झाकली जाते, पण १७-सी शी ताडून बघण्याची ताकद कमी होते. मी स्वतः केंद्रनिहाय आकड्यांच्या बाजूने झुकतो, पण ज्या वस्तीचं पाणी तुटलंय तिथला माणूस वेगळं बोलेल आणि त्याला चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

कागदाने काय साधतं याचं एक उदाहरण देतो आणि झोपतो. पेनसिल्व्हेनियातली नॉर्दॅम्प्टन काउंटी, २०१९. न्यायाधीशपदाच्या एका उमेदवाराला यंत्रांनी ५५,००० पैकी फक्त १६४ मतं दाखवली. कुणीही म्हणेल, असं कसं होईल? यंत्रांना जोडलेले कागद होते, रात्रीतून ते मोजले, तर तो गृहस्थ थोडक्यात जिंकलेला निघाला. गंमत म्हणजे २०२३ मध्ये त्याच काउंटीत मांडणीची चूक होऊन दोन न्यायाधीशांना पदावर ठेवायचं का या प्रश्नाची हो-नाही उत्तरं छापील कागदावरच एकमेकांच्या नावावर उमटली. ते मतदारांनी बघितलं, म्हणून कळलं. पहिल्या वेळी कागद होता म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी कागदच चुकला होता, बघणारे डोळे होते म्हणून निभावलं.

आणि कागद सगळं मिटवतो असंही नाही. २०२० मध्ये जॉर्जिया राज्याने जवळपास ५० लाख मतपत्रिका हाताने मोजल्या. मोजायच्या राहिलेल्या काही हजार सापडल्या, पण विजेता तोच राहिला. तरी ज्यांना मानायचं नव्हतं त्यांनी मानलं नाही.

---

अर्धविराम

त्यांना मानवायचा नादच सोडावा. पुरावा द्यायचा तो काठावर बसलेल्यांना.

---

कोरी पाटी

सर, एक राहिलंच. तुम्ही मोजणीची ड्यूटी केलीय का? चिठ्ठ्या मोजताना कसं असतं?

---

जुना खडू

केलीय, एकदा. यंत्रांच्या सगळ्या फेऱ्या संपल्यावर सोडत निघते. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर केंद्रांचे क्रमांक लिहितात, चार घड्या घालतात, डब्यात हलवतात. मग बँकेच्या कॅशियरसारखा जाळीचा पिंजरा, त्यात टेबल आणि कबुतरांच्या खुराड्यासारखे खण असलेली लाकडी चौकट. प्रत्येक उमेदवाराचा एक खण. चिठ्ठ्या चिन्हाप्रमाणे खणांत टाकायच्या आणि पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. तो कागद गुळगुळीत आणि वळणारा, एकमेकांना चिकटतो. बोटाला पाणी लावायची सोय नाही.

तोवर निकाल जवळपास लागलेला असतो. बाहेर गुलाल उडत असतो, ताशा चालू असतो आणि आत आम्ही हे मोजत बसलेलो. आमच्या टेबलावर एका केंद्राच्या बेरजेत एक चिठ्ठी कमी आली. परत मोजलं, परत एक कमी. जिंकणाऱ्याचा एजंट म्हणाला, "सोडा हो साहेब, एकीने काय होतंय." जाळीला नाक लावून उभा होता तो हरणाऱ्याचा पोरगा, विशीतला असेल, सकाळपासून जेवला नव्हता. तो म्हणाला, "वरून तिसरा खण बघा, मागच्या फटीत." बघितलं तर चिठ्ठी उभी राहून फळीच्या सांध्यात अडकली होती. खण जिंकणाऱ्याचा होता, चिठ्ठीवरचं चिन्हही त्याचंच. पोराने ते वाचलं, मान डोलावली, आपल्या वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या केंद्राची पेटी आणतायत का ते बघायला लागला.

---

कोरी पाटी

आणि ते आजोबा? त्यांचं केंद्र निघालं का सोडतीत?

---

जुना खडू

नाही निघालं. पाचही कार्डं दुसरीच निघाली.